भीती घरी ठेवून यायची

आई, गेल्या महिन्यात मी एका सरकारी वकिलाला लसूण सोलायला बसवलं. माजी सरकारी वकील, आणि आपल्याकडचा नाही, ब्रह्मदेशचा. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, गावरान लसूण होता का. इथे अमेरिकेत, हर्नडनला, सुपरमार्केटमध्ये मिळतो त्याच्या पाकळ्या अंगठ्याएवढ्या, सोलायला घेतल्या की संपल्याच. म्हणून मुद्दाम इंडियन ग्रोसरीत जाऊन बारीक पाकळ्यांचा हुडकून आणला. काम लवकर संपलं की माणूस बोलायचा थांबतो, हे तुझंच म्हणणं.

आपल्या नागपूरच्या घरात पुढची खोली हे तुझं ऑफिस, पण खरं काम स्वयंपाकघरात चालायचं. खेड्यातून आलेली माणसं पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसायची, कायद्याच्या पुस्तकांकडे बघायची आणि ‘तुम्ही म्हणाल तसं, बाई’ एवढंच बोलायची. मग तू त्यांना आत आणायचीस, पाटावर बसवायचीस आणि पुढ्यात परात सरकवायचीस. ‘सोल माय. सोलता सोलता सांग.’ एक बाई मला अजून दिसते. तिचं घर जाळलं होतं. ती पाकळीवरची नजर न काढता सांगते आहे, कोण पुढे होतं, रॉकेलचा डबा कुणाच्या हातात होता, पोलीस पाटील कुठे तोंड फिरवून उभा होता. मी ओट्याला टेकून गणितं सोडवते आहे, आणि तू भाकरी थापता थापता विचारतेस, ‘थांब. डबा आधी दिसला का आग आधी?’ ती थांबते, सालं झटकते आणि सगळं पुन्हा नीट सांगते. तुझी तारीख असली की आदल्या दिवशी घरात एवढा लसूण सोलला जायचा की त्याची चटणी करून गल्लीभर वाटावी लागायची. शेजारच्या काकू डबी हातात घेत म्हणायच्या, ‘उद्या वकीलबाईंची तारीख दिसते!’

त्याच बाईनं कोर्टात मात्र सगळं घालवलं. पिंजऱ्यात उभी राहिली, समोर आरोपी दिसले आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘मले या लोकायचा धाक वाटते.’ त्यांच्या वकिलानं तेवढंच धरून ठेवलं. घाबरलेली बाई आहे, घाबरून कुणाचंही नाव घेईल, हिला पढवून आणलंय. सुटले सगळे. त्यानंतर तुझा नियमच झाला. काय घडलं ते सांगायचं, भीती वाटली हे सांगायचं नाही. ते त्यांच्या कामाचं, आपल्या नाही. हा नियम मलाही लागू होता. लॉच्या शेवटच्या वर्षाला मी तुझी बॅग घेऊन कोर्टात यायला लागले होते. एकदा व्हरांड्यात आरोपींची माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती, बोलत नव्हती, नुसती आपल्याकडे बघत होती. मी तुझ्या कानाशी लागून म्हणाले, ‘आई, मला भीती वाटतेय.’ तू चालायचीसुद्धा थांबली नाहीस. ‘भीती घरी ठेवून यायची. कोर्टात आणायची नाही.’ बस. आवाज चढवला नव्हतास, पण मला ते चांगलंच लागलं. तुझा हात धरायचा होता मला, आणि तुझ्या हातात फायली होत्या.

आणि आता मी पोटासाठी काय करते बघ. लोकांकडून ‘मला भीती वाटते’ हे वदवून घेते. इथल्या कायद्यात आश्रय मागणाऱ्याला परत जायची भीती वाटायला हवी, आणि त्या भीतीला सबळ कारणही हवं. नुसतं कारण चालत नाही, नुसती भीतीही चालत नाही. मी इथे पुन्हा कायद्याचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिल्या आणि तुझ्या नियमाच्या बरोबर उलटा धंदा मांडून बसले. तुला हे कळायच्या आत तू गेलीस. कधीकधी वाटतं, बरंच झालं.

तर हा माणूस. पन्नाशीचा, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणही लावणारा. त्याच्या देशात लष्करानं सत्ता घेतली तेव्हा गावोगावी लोक संध्याकाळी घरात उभं राहून पातेली बडवायचे. निषेध म्हणून, दुसरं काही नाही. याला सकाळी वरून फोन यायचे: या पोराला उचललंय, हे कलम लाव. न्यायाधीश तेच, कोर्टाची खोली तीच, फक्त निकाल आधीच ठरलेला. त्यातली काही पोरं याच्याकडे कायदा शिकलेली. यानं कामावर जाणं बंद केलं. पुढे त्यातल्या काहींना त्यानं लपवलं आणि सीमेपलीकडे पोचवलं. सैनिक घरी आले तेव्हा तो सापडला नाही, म्हणून थोरल्या भावाला घेऊन गेले. भाऊ परत आला तो काठी टेकत. आता बायको आणि मुलगी थायलंडच्या सीमेवरच्या एका गावात, कागदपत्रांशिवाय, एका खोलीत दिवस काढताहेत. याला आश्रय मिळाला तर त्यांना इथे आणता येईल. नाही मिळाला तर याची परत पाठवणी, आणि तिथे विमानतळावरच कुणीतरी वाट बघत असणार.

आमचं इंग्रजीत बोलणं चालायचं, पण खरी ओळख झाली ती आकड्यांवरून. तो म्हणाला, ‘थ्री-ओ-टू,’ आणि मी म्हटलं, ‘खून!’ ‘वन फॉर्टी-फोर?’ ‘जमावबंदी!’ इंग्रजांनी जाताना दोन्ही देशांत एकच कायदा ठेवला होता ना. तुझ्या स्वयंपाकघरातली कलमं या परक्या माणसाच्या तोंडी ऐकून मला भरून आलं. आपल्याकडे आता ते आकडे बदललेत, आई. तुला सगळं पुन्हा पाठ करावं लागलं असतं आणि तू खूप चिडली असतीस.

कारणं भरपूर होती, पुरावे होते, भावाच्या पायाचे एक्स-रेसुद्धा होते. मग साक्षीच्या तालमीत मी सगळ्यात सोपा प्रश्न विचारला. परत जायची भीती वाटते का? तो शांतपणे म्हणाला, ‘नाही.’ मला वाटलं, गंमत करतोय. पुन्हा विचारलं, पुन्हा ‘नाही.’ आणि मग मला समजावून सांगायला लागला, की भीती हा मनाचा मळ आहे, तो काढण्यासाठी मी अर्धं आयुष्य ध्यानाला बसलो. रोज सकाळी पंचशील घेतो. चौथं शील घेतल्यावर दुपारी शपथेवर खोटं कसं बोलू? दर रविवारी वस्तीतल्या विहारात तू मला पहिल्या रांगेत बसवून तेच चौथं शील म्हणायला लावायचीस. त्याचे पाली उच्चार वेगळे होते, शील तेच होतं. दुसरा कुठला पक्षकार असता तर म्हटलं असतं, अहो, म्हणा ना नुसतं. याला तसं म्हणायला माझी जीभच रेटेना. आणि न्यायाधीशासमोर हा ‘नाही’ म्हणाला असता तर केस तिथेच संपली असती.

म्हणून लसूण. शनिवारी दुपारी त्याला घरी बोलावलं, डायनिंग टेबलवर परात ठेवली आणि तुझी गोष्ट सांगितली. तो मान खाली घालून सोलायला लागला, आणि तुझ्या साक्षीदारांपेक्षा सफाईनं. माझी लेक खाली आली, आमच्याकडे बघून थबकली. ‘आई, व्हाय इज युअर क्लायंट पीलिंग गार्लिक?’ मी म्हटलं, ‘ही आजीची पद्धत आहे.’ ‘इज दॅट ईव्हन लीगल?’ तो इतका हसला की हातातली पाकळी उडाली. ती वर निघून गेल्यावर तो आपल्या मुलीबद्दल बोलायला लागला, मग विद्यार्थ्यांबद्दल, कोण हुशार, कोण आळशी, कोण सगळ्यांत मागे बसून झोपा काढायचा. मी पोळ्या लाटत होते. तुझ्यासारखं मध्येच विचारलं, ‘ती मुलं आत्ता कुठे आहेत?’ त्याचे हात थांबले. मग म्हणाला, ‘ते मला ठाऊक आहे. फक्त मलाच. म्हणून ते मला मारणार नाहीत, विचारणार. भावाला विचारलं तसं. भावाला काही माहीत नव्हतं, म्हणून तो काही सांगू शकला नाही. मी सांगेन. किती दिवसांनी ते माहीत नाही, पण सांगेन.’ आणि पाकळीचं टोक नखानं खुडत म्हणाला, ‘याची मला भीती वाटते.’ मी पोळी करपू दिली, आई. तव्याकडे वळायची माझी छाती झाली नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ऑफिसातून आले आणि उरलेला सगळा लसूण घेऊन बसले. फायली लावून झाल्या होत्या, कुणी साक्षीदार यायचा नव्हता, घरात चटणीची बरणी भरलेली होती. तरी सोलत बसले. आणि सोलता सोलता हात थांबले. तुझ्याकडे तरी दर तारखेला साक्षीदार कुठे असायचे? बऱ्याचदा तू एकटीच बसलेली असायचीस, पाठ दाराकडे, परात पुढ्यात. त्या गल्लीभर वाटलेल्या चटणीचा लसूण साक्षीदारांनी सोललेला नव्हता. काकूंना माहीत होतं की काय, कोण जाणे. तू भीती घरी कुठे ठेवून यायचीस, ते मला एवढ्या वर्षांत कळलं नाही. अमेरिकेला येताना विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा तू माझी पुस्तकं बाहेर काढलीस आणि लोखंडी खलबत्ता आत राहू दिलास. मी केवढी भांडले होते! तो खलबत्ता मी त्या संध्याकाळी बाहेर काढला.

हल्ली इथल्या इमिग्रेशन कोर्टाच्या व्हरांड्यातही माणसं उभी असतात, सरकारची. साध्या कपड्यांतली, तोंडाला मास्क लावलेली, भिंतीला पाठ लावून. सुनावणी आटोपून बाहेर पडणाऱ्याला कधीकधी तिथूनच उचलून नेतात. आम्ही त्यांच्यासमोरून आत गेलो. आत तो नीट बोलला. सरकारतर्फेच्या वकीलबाईंनी विचारलं, तुम्ही स्वतः सरकारी वकील होतात, लोकांना तुरुंगात घातलंत, मग तुम्हाला कसली भीती? तो म्हणाला, ‘मला तो तुरुंग आतून-बाहेरून माहीत आहे, बाई. तिथे माणूस कसा बोलता करतात तेही. म्हणूनच.’ आणि मग विद्यार्थ्यांबद्दल सांगितलं, नावं न घेता. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. निकाल तिथेच दिला. आश्रय मंजूर. सरकार अपिलात जाऊ शकतं, पण त्या दिवशी तरी मंजूर. त्यानं हात जोडले, आणि मला न्यायाधीशांशी धड इंग्रजी बोलता येईना.

बाहेर आलो तर ती माणसं होती तिथेच. मी निकालाचा कागद छातीशी धरला, त्यांना दिसेल असा, आणि चालत राहिले. तो माझ्या बरोबरीनं चालत होता. लिफ्टपाशी पोचल्यावर त्यानं हळूच विचारलं, ‘तुमच्या आई कधीच घाबरायच्या नाहीत?’

मी म्हटलं, ‘नाही. कधीच नाही.’

चौथं शील मोडलं, आणि तेही त्याच्यासमोर. पण आम्ही अजून कोर्टाच्या व्हरांड्यातच होतो ना, आई. घरी येऊन तुला हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी हा कागद कोर्टाच्या आसपास सापडलेला तुला चालला नसता. तारखेच्या दिवशी तुझ्या हातांना लसणाचा वास यायचा, कितीही साबण लावला तरी न जाणारा. आज माझ्या हातांना येत होता.