अण्णांचं घड्याळ अण्णांचंच

गुरुवार, संध्याकाळ. सेलू

सापडलं! घाईघाईनं लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

अण्णा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते तेव्हा मालकाचं घड्याळ हरवलं. नेमकं त्याच आठवड्यात अण्णांनी पेटीतलं घड्याळ काढून बांधलं. लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी दिलेलं, पण दिसायला अगदी मालकाच्यासारखं. तोंडावर चोर कुणीच म्हणालं नाही, म्हणून तर अण्णांना उत्तरही देता आलं नाही. घड्याळ परत पेटीत गेलं. मी तेव्हा सहावीत होते, आज माझी लेक कॉलेजात आहे. इतकी वर्षं मी का नाही शोध घेतला?

आज ते घड्याळ मी परभणीला नेलं. तिथं एका म्हाताऱ्या घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं. आत सुईनं कोरलेला बारीक आकडा.

"हे माझ्या अब्बांचं अक्षर," ते म्हणाले. "दुरुस्तीच्या घड्याळात नंबर कोरायचे अन् वहीत नाव लिहायचे."

जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत तोच आकडा, पुढं आजोबांचं नाव, गाव पालम. तारीख अण्णांच्या लग्नाआधीची! तो आकडा मी चारदा ताडून पाहिला.

घरी येऊन अण्णांना त्या पानाचा फोटो दाखवला. त्यांनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं. चावी दिली, कानाला लावलं, मनगटावर बांधलं अन् चपला घातल्या.

"अण्णा, कुठं निघालात?"

"मोंढ्यात, बाजारात. जिनिंगमधले जुने लोक बसलेले असतेत. कुणी टाइम इचारला तर सांगायला नको?"

शर्टाची बाही वर दुमडूनच गेले.