आधी नाव, मग औषध

उल्हासनगर,
९ ऑगस्ट १९८८

ती. दादास,
वृंदाचा शि. सा. न. वि. वि.

तू तिकडे बडोद्याच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून रुबाबात हिंडत असशील. इथे तुझ्याच नियमाने मला सुळावर चढवलं आहे. गेल्या वर्षी आमच्या दवाखान्यासाठी हौसेने नियम लिहून दिलेस ना, त्यातला पहिलाच: आधी नाव, मग केसपेपर, मग औषध.

काल खरवईची कौसाबाई नवऱ्याला टेम्पोत घालून घेऊन आली. भातातलं तण बेणताना साप चावलेला. खिडकीवर कारकुनाने पेशंटचं नाव विचारलं, तर बाई पदर तोंडात धरून गप्प. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. मग अशा दिवशी तर ती कशी घेईल? टेम्पोवाला केव्हाच निघून गेलेला. कारकून म्हणाला, नाव नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर औषध नाही, बाजूला हो. इकडे त्या माणसाच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी चालू कर म्हणताच मी कपाट उघडलं आणि सापाच्या विषावरचं औषध सलाइनमधून लावलं.

तो अजून बेशुद्ध आहे. आम्ही आळीपाळीने रबरी फुगा दाबून त्याला श्वास देतो आहोत. आणि कारकून आता सांगतो की बाई खिडकीवर आलीच नव्हती! पुढच्या बुधवारी ट्रस्टी चौकशी करणार. कपाटाची किल्ली माझी, म्हणजे नोकरीही माझीच जाणार. नियम चुकला असं दोन ओळींत लिहून पाठव. मला फार भीती वाटते आहे रे.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, या वेळी तो जरा लवकरच्या टपालाने धाड.

तुझी,
वृंदा

बडोदे,
१३ ऑगस्ट १९८८

चि. वृंदास अनेक उत्तम आशीर्वाद.

नियम चुकला असं मी लिहिणार नाही. रागाव खुशाल. शेजारच्या खाटांवर दोन सुनंदा होत्या आणि एकीचं इंजेक्शन दुसरीला गेलं, तेव्हा माझ्याकडे रडत कोण आलं होतं? आज तू कळवळ्याने कपाट उघडलंस, उद्या कोणी आळसाने उघडील.

तरी तुझं पत्र खिशात घेऊन दिवसभर कारखान्यात फिरलो. इथे परवान्याशिवाय कोणी यंत्राला हात लावत नाही, पण थांबवायचं लाल बटण मात्र कोणीही दाबावं, अगदी झाडूवाल्यानेसुद्धा, कागद मागाहून. तसलं बटण तुमच्याकडे हवं. सोबत मजकूर जोडला आहे, तो ट्रस्टींना दाखव. जीव धोक्यात असेल तर नाव मागाहून. मनगटाला नंबरची चिकटपट्टी, डॉक्टरांचा तोंडी शब्द पुरे. मात्र दिलेलं औषध तिथल्या तिथे लिहायचं, ते कोणालाच माफ नाही. तू लिहिलं होतंस ना? आणि कौसाबाईला साक्षीला आण.

काळजीने जेवण सोडू नकोस. आशीर्वाद मागायची गरज नाही, ते चालूच आहेत.

तुझा दादा,
श्यामकांत

उल्हासनगर,
१८ ऑगस्ट १९८८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लिहिलं होतं, तिथल्या तिथे.

काल चौकशी झाली. तुझ्या मजकुरावर ट्रस्टींनी माना डोलावल्या, पण आधी खिडकीचं काय ते ठरू दे म्हणाले. कौसाबाईला आत बोलावलं. तिचा नवरा आता आपला आपण श्वास घेतो, पण हात उचलायचीही ताकद नाही. जबाब लिहिणाऱ्याने रीतीप्रमाणे आधी तिचं संपूर्ण नाव विचारलं. बाईच्या संपूर्ण नावात नवऱ्याचं आलंच. कौसाबाई, एवढंच बोलून ती थांबली. तिचा दीर बाहेर बसला आहे, त्याला विचारा, असं मी सुचवलं. पण साक्षीदाराच्या तोंडचंच हवं, त्याशिवाय जबाब नाही, असं ठरलं. कारकून खाली बघून हसला. मला इतका संताप आला! मी तिला मानेने नको म्हणून खुणावलं. नोकरी गेली तर गेली, असं खरंच वाटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, तोंडातला पदर काढला आणि आपलं नाव कौसाबाई हरिचंद्र भोईर असल्याचं खणखणीत सांगितलं. मग खिडकीवरचं सगळं एका दमात सांगून टाकलं. माझी नोकरी राहिली. तुझं लाल बटण सोमवारपासून भिंतीवर लागणार आहे.

निकाल ऐकायला मात्र ती थांबली नाही. अंगठा उठवला आणि वॉर्डाकडे पळत सुटली. मी मागोमाग गेले, तर नवऱ्याच्या नाकाखाली हात धरून उभी होती. त्याने डोळे उघडून, कुठे गेली होतीस, असं क्षीण आवाजात विचारलं. तिने हात आणखी जवळ नेला. आज हे लिहिते आहे तरी तिचा हात पुन्हा पुन्हा तिथेच जातो आहे.

लोभ असाच असू दे.

तुझी,
वृंदा