इनास ऊर्फ रघु यांची मुलगी

मी, रेमेत इनास परेरा, वय वर्षे सत्तर, धर्म ख्रिस्ती, अविवाहित, निवृत्त परिचारिका, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, तर राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डोके ठीक आहे. शंका असणाऱ्याने सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला पाहावा. १९८१ साली केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. तेव्हा मी कोण आहे हे मला अर्धेच ठाऊक होते.

कलम १. ठाण्याचे घर

हे घर माझे आजोबा पास्कू परेरा यांनी बांधले आणि मरण्याआधी दोन मुलांत निम्मे निम्मे वाटून दिले. थोरले माझे वडील इनास, धाकटे जुझेकाका. वडिलांचा हिस्सा माझ्याकडे आला. तो मी जुझेकाकांचा मुलगा कैतान याची मुलगी नातालीन हिला देते.

या हिश्श्याची हकीकत लिहिणे भाग आहे. नाही तर उद्या कोणी जुने कागद काढून त्या पोरीला छळेल.

१९८६ साली एका बिल्डरने घर मागितले. वडिलांच्या जन्माचा पुरावा हवा म्हणून मी आमच्या ठाण्याच्या चर्चमधून त्यांच्या बाप्तिस्म्याचा दाखला काढला. साल १८९६, आईबाप पास्कू आणि मारी. कैतानने कोणाकडून तरी काहीबाही ऐकले होते. तो खाडीपलीकडे मारीआजीच्या माहेरगावी गेला आणि तिथल्या चर्चमधून दुसरा दाखला घेऊन आला. तोही इनासचाच. पण साल १९०२, मूल सहा वर्षांचे, बाप दामाजी कोळी, मयत; आई सगुणा, मयत; दोघे हिंदू. पास्कू आणि मारी यांची नावे होती ती धर्मपिता आणि धर्ममाता म्हणून.

कैतान दोन्ही वकिलांसमोर म्हणाला, "रेमेतबाय, एका माणसाचा बाप्तिस्मा दोनदा होत नाही. यातला एक कागद खोटा आहे. आणि तुझा बाप आज्याचा नसेल, तर अर्धं घर कसलं मागतेस?"

माझ्या वकिलाने मला बाजूला घेतले. "बाई, तुमच्यात दत्तक कायद्याने चालत नाही. हा दुसरा दाखला आपण नकली ठरवू. तुम्ही आता पुढे काही शोधत बसू नका." या गृहस्थांचे नाव मी लिहीत नाही. त्यांना माझ्या मिळकतीतून काही देऊ नये. त्यांची एक छत्री तेव्हापासून माझ्या दाराआड उभी आहे, तेवढी परत करावी.

मी शोधले. घर जाईल हे कळत होते, पण माझा बाप कोणाचा हे न कळता मरणे मला जमले नसते. कल्याणच्या दवाखान्यात माझ्याबरोबर नोकरी केलेली शकू अहिरे सुट्टीच्या दिवशी माझ्यासोबत येई. निवृत्त फादर अंतोन यांना जुनी पोर्तुगीज अक्षरे लागत. आम्ही दोन्ही गावच्या नोंदी पाहिल्या. वडिलांच्या लग्नाच्या नोंदीत ते पास्कूचे पुत्र होते. त्यांच्या शाळेच्या कागदात जन्मसाल तिसरेच होते. पास्कूचे आडनावही दोन तऱ्हेने लिहिलेले. जितके पाहावे तितका गुंता वाढे. मग फादर म्हणाले, "जन्म झाले, लग्न झाले. आता दफने पाहू."

१८९७ च्या दफनांत नोंद सापडली. इनास, पास्कू आणि मारी यांचा मुलगा, वय दीड वर्ष, कारण प्लेग.

फादरांनी चष्मा काढून पुसला. "दोन्ही दाखले खरे आहेत, रेमेत. मुलगे दोन होते."

ज्या आजोबांच्या मांडीवर मी वाढले, ते एका ओळीने परके झाले होते. शकूने मला खोपटच्या एसटी कँटीनमध्ये नेले, समोर चहा ठेवला आणि मी तो पिईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. त्या गप्प बसण्याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी दफनाच्या नोंदीची नक्कल मी स्वतः कैतानच्या हातात दिली. त्याने वाचली. "म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं. मग तू आमची कोण?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि निघून आले.

पुढे सर्व मृतांचा दिवस आला. पास्कू आणि मारी यांच्या कबरीवर मेणबत्त्या लावण्याचे काम वडिलांमागे माझेच होते. त्या वर्षी मी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? दुपारी कैतान कोपरला माझ्या दारात उभा. घामाघूम.

"अगं, सगळं गाव कबरी सजवून बसलंय आणि आज्याची कबर तशीच. चल."

"मी कशाला? माझा काय संबंध?"

तो खाली बसला. "आईला विचारलं मी. ती म्हणाली, आज्याने घर वाटलं तेव्हा ती समोर होती. आज्याला तर ठाऊकच होतं ना, आपलं कोण आणि आणलेलं कोण? तरी त्याने अर्धं दिलं. थोरला म्हणून हवेशीर बाजू दिली. मग मी काय आज्यापेक्षा शहाणा झालो? ऊठ, मेणबत्त्या मी घेतल्यात."

त्यानंतर त्याने हिश्श्याच्या कागदावर स्वतः सही केली. बिल्डरला आम्ही दोघांनी मिळून नाही म्हटले. कायद्याने जे मला मिळाले नसते ते कैतानने दिले, म्हणून ते त्याच्या मुलीकडे जावे. नातालीनने हवेशीर बाजूची खिडकी बुजवू नये. ही अट नाही, विनंती आहे.

कलम २. कोपरची खोली

स्वकष्टार्जित खोली, मोरीतल्या नव्या नळासह, मी सगुणा गुणाजी कोळी, राहणार ठाणे, हिला देते. ही माझी भाची. तिची ओळख मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी झाली.

दामाजी कोळी कोण होते, हे विचारत मी आणि शकू ठाण्याच्या कोळीवाड्यात फिरलो. चौथ्या की पाचव्या घरी मनुबाई भेटल्या. म्हाताऱ्या, पाठीत वाकलेल्या, सुकी मासळी निवडत बसलेल्या. दामाजीचा थोरला भाऊ धाकू, त्याची ही मुलगी. मी पास्कूचे नाव घेताच त्यांचा हात थांबला.

"अगो बाय, तू रघूची पोर? इतकी वरसां कुठं व्हतीस?"

माझ्या वडिलांचे पहिले नाव रघु होते. ते मी त्या ओट्यावर प्रथम ऐकले.

मनुबाईंनी आपल्या बापाकडून ऐकलेले सांगितले. दामाजी आणि पास्कू यांची दोघांत मिळून एक होडी होती. प्लेगात पास्कूचे मूल गेले आणि थोड्याच दिवसांत दामाजी आणि सगुणा दोघेही गेले. मागे अंगावर पिणारा रघु राहिला. धाकूच्या घरात तेव्हा स्वतःचीच माणसे तापाने पडलेली. मारीला दूध होते आणि पाजायला कोणी नव्हते. तिने रघूला छातीशी घेतले आणि ती तशीच खाडी ओलांडून माहेरी गेली.

"पन पास्कू लई सचोटीचा मानूस," मनुबाई म्हणाल्या. "दर नारली पुनवंला पोराला घेवून यायचा. माझे बापाला इचारायचा, धाकू, तुझे भावाचा पोर हाय, नेतस का? बाप बोलायचा, तुझेकडं र्‍हावं दे अजून, पुढचे वरसाला बघू. सा वरसां इचारलान. मंग येके वरसाला पोरच मारीचा पदर सोडंना. बाप बोलला, पास्कू, ह्यो तुझाच झाला. आता तुझे देवाचं पानी घाल त्याचे डोक्यावर."

म्हणजे बाप्तिस्मा उशिरा झाला तो हयगयीने नव्हे. दुसऱ्याचे मूल आहे, त्याच्या माणसांनी हो म्हटल्याशिवाय त्याला आपल्या धर्मात घ्यायचे नाही, म्हणून पास्कू थांबले होते. आणि १९०२ च्या नोंदीत खरे आईबाप लिहवून घेतले तेही त्यांनीच. नाव मात्र आपल्या गेलेल्या मुलाचे दिले. तेवढे मागण्याचा त्यांना अधिकार होता, असे मला वाटते.

मनुबाई माझी आत्या. चार वर्षे मला तिचा सहवास मिळाला. मी गेले की ती बोंबलाची चटणी बांधून द्यायची आणि म्हणायची, "भावाला दिलं नाय ते तुला." तिचा मुलगा गुणाजी, त्याची मुलगी सगुणा. तिला परिचारिका व्हायचे आहे. ठाण्याहून रोज शिकायला जाताना तिला घरच्या गर्दीत अभ्यासाला कोपरा मिळत नाही. या खोलीत मिळेल. तिने लग्न करावे किंवा करू नये. खोली तिचीच.

कलम ३. शकू भगवान अहिरे, राहणार कल्याण

शिलाईचे यंत्र, पंखा, रेडिओ आणि माझा बाटलीतला मसाला (कुटण्याचे प्रमाण आजवर मी कोणाला सांगितले नाही, बाटलीच्या तळाशी चिठ्ठी आहे) तिला द्यावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी तिच्यावर सोपवते. मी तिला म्हटले, शकू, तुझा आमच्या घराण्याशी काय संबंध, उगाच तुला ताप. ती म्हणाली, "ताप कसला? तुझ्या बापाला शोधायला इतक्या वेळा आलेय, आता मीही त्याच्या घरचीच." हे विधान मी मान्य करते.

कलम ४. पोस्टातील शिल्लक

प्रथम यातून वडिलांच्या कबरीवर नवा दगड बसवावा. मजकूर असा: इनास ऊर्फ रघु. दामाजी व सगुणा यांचा, पास्कू व मारी यांचा मुलगा. खालच्या ओळीत त्या दीड वर्षाच्या इनासचेही नाव घालावे. नव्या फादरांची परवानगी मी तोंडी घेतली आहे. ते आधी म्हणाले की दगडावर चार आईबाप कधी लिहीत नाहीत. मी म्हटले, फादर, मिळालेही कोणाला नाहीत. उरलेली रक्कम दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या दुधासाठी द्यावी.

मला त्याच कबरीच्या शेजारी ठेवावे. बँड लावू नये. सोसायटीच्या चिटणिसांना भाषण करू देऊ नये; त्यांनी माझा शेवगा तोडला आहे.

कलम ५. साक्षीदारांविषयी

कैतानसाठी मी वडिलांचे घड्याळ आणि गुणाजीसाठी माझी सोन्याची साखळी ठेवली होती. वाचून दाखवल्यावर टंकलेखकाने सांगितले, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला त्यातले काही मिळत नाही. तेव्हा साक्षीला बाहेरची माणसे आणा.

कैतान म्हणाला, "घड्याळ खोडा. मी सही करणार."

गुणाजी म्हणाला, "ताई, साखली र्‍हावं दे. कागदावर आमचं नाव पायजे."

म्हणून दोन्ही वस्तू खोडल्या आहेत. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. या वस्तू शकूने विकून रक्कम कलम ४ मध्ये मिळवावी.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही करत आहे. माझे कोणाकडून काही येणे राहिलेले नाही. मिळाले ते फार मिळाले.

ठिकाण: कोपर, डोंबिवली पश्चिम
तारीख: १२ नोव्हेंबर १९९४

(सही) रेमेत इनास परेरा

साक्षीदारांनी नाते लिहिण्याची गरज नसते, असे टंकलेखकाने दोनदा सांगितले. दोघांनी लिहिले.

साक्षीदार:
१. (सही) कैतान जुझे परेरा, ठाणे. नाते: चुलतभाऊ.
२. (सही) गुणाजी धोंडिबा कोळी, ठाणे. नाते: आतेभाऊ, सख्खा.