बारा इंचांवर एक सूत

अण्णा,

आज दुपारी एका आयटीवाल्याशी माझं वाजलं. परदेशी सायकल, डोक्यावर हेल्मेट, आणि म्हणे, "मॅम, फक्त चेन टाका ना, कॅसेटचं नंतर बघू. रविवारी सिंहगड करायचाय." कॅसेट म्हणजे आपलं फ्रीव्हीलच हो, मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या, आता दहा-अकरा असतात एवढंच. मी तुमची स्टीलची फूटपट्टी चेनला लावली. बाराव्या इंचावर पिन बरोबर यायला हवी; ती सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, पुढे गेली होती. म्हटलं, "दोन्ही बदलायचं तर सायकल ठेवा. नुसती चेन मी टाकणार नाही." व्हिडिओत तर चालतं म्हणाले होते, असं पुटपुटला. "मग व्हिडिओवाल्याकडूनच बसवून घ्या." नोकरी सोडून दुकान काढलं तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं, पण याबाबतीत मी ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. शेवटी ठेवली त्याने सायकल. जाताना विचारलं, "एवढ्या खात्रीनं कसं सांगता?" मी म्हटलं, वडिलांनी शिकवलं. "ते कधीच चुकले नाहीत?" आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "एकदा चुकले होते." तेव्हापासून हातातलं काम होत नाहीये.

तुम्हाला पट्टी लागायचीच नाही. पुढच्या चकतीवरची चेन चिमटीत धरून ओढायचात. ती उचलली जाऊन खालचा दाता दिसला की निकाल लागला. पट्टी माझ्यासाठी होती. अर्धं सूत वाढली तर नुसती चेन, पुरं सूत वाढली तर फ्रीव्हीलही. "झिजलेल्या दात्यांवर नवी चेन बसत नाही गं. सपाटीला कळणार नाही, चढावर जोर दिला की सटकणार." गिऱ्हाईक कुरकुरायचं, अहो, सायकल चालतेय की! तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "चालतेय म्हणून तर बसून आलात. पुढच्या वेळी ढकलत आणा." हसू दाबत मी हवा भरत असायची. काय रुबाब होता तुमचा त्या दोन खणांच्या दुकानात! सगळं हडपसर मानायचं.

मी अकरावीत असतानाची गोष्ट. दवाखान्यातल्या सिस्टरांची सायकल आलेली. तुम्ही चेन ओढून पाहिलीत, "दोन्ही टाक, संध्याकाळी नेतील त्या," म्हणालात आणि माल आणायला पेठेत गेलात. चेन मी चटकन बदलली. फ्रीव्हील मात्र जाम. पाना लावला, चाक पायात धरून जोर केला, रॉकेल सोडलं, हूं नाही की चूं नाही. पाच वाजता माझा कॉम्प्युटरचा क्लास. त्या वर्षी जो तो तेच शिकत होता, आणि माझं सगळं चित्त तिकडे. शेजारच्या वेल्डिंगवाल्या काकांना हाक मारली असती तर दोन मिनिटांत सुटलं असतं, पण पोरीला जमलं नाही असं ते म्हणाले असते. मी चाक तसंच बसवलं.

तिसऱ्या दिवशी सिस्टर कॅनॉलच्या चढावर पडल्या. मनगटाला प्लास्टर घालून आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या हाताखालून गेलेली सायकल होती." तुम्ही मागचं चाक फिरवून पाहिलंत. मग मला विचारलंत, "मी तुला काय सांगितलं होतं?" मी म्हणाले, "नुसती चेन." तुम्ही स्वतःच्या बोटांकडे पाहिलंत. "असेल," म्हणालात, "विसरलो असेन." आणि त्यांच्यापुढे हात जोडलेत.

त्यानंतर तुम्ही चिमटीनं चेन ओढलीच नाहीत. प्रत्येक सायकलीला पट्टी, आणि वर मला हाक, "बघ गं, सूतभरच आहे ना?" ती हाक ऐकली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी मी येऊन बघायची आणि "हो" म्हणायची. दोन वर्षांत शटर कायमचं खाली आलं. लोक म्हणाले, स्कूटरवाल्यांनी सायकलचा धंदा खाल्ला. मीही तेच सांगत आले, आईलासुद्धा.

आता पुरे. उद्या तो आयटीवाला सायकल न्यायला येईल तेव्हा आधी त्याला सांगणार आहे की माझे वडील चुकले नव्हते. मग आईला. सिस्टर रिटायर होऊन गावठाणातच राहतात. रविवारी दुकान बंद ठेवून त्यांच्याकडे जाईन. त्या काय म्हणतील ते म्हणोत. हा कागद फूटपट्टीखाली खणात राहील; तुम्हीच राहिला नाहीत, तर दुसरं कुठे टाकणार?

एक मात्र कुणालाच सांगणं जमेल असं वाटत नाही, म्हणून इथे लिहिते. पेठेत निघण्यापूर्वी तुम्ही फळीवरून नवं फ्रीव्हील काढून माझ्यासमोर ठेवलं होतंत. तुम्ही काहीही विसरला नव्हतात, अण्णा. क्लासला जाण्याआधी ते खोकं मीच फळीवर परत ठेवलं, इतर खोक्यांच्या मागे.