वर म्हणजे चालू

३ तारीख, सोमवार
मुलीने परदेशातून हिच्यासाठी हवेची गादी पाठवली. पंपासकट. हवा या कप्प्यातून त्या कप्प्यात फिरत राहते. पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होत नाहीत. प्लगला चपट्या पिना, आपल्याकडे गोल. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, अडॅप्टर लावा आणि मोकळे व्हा." अडॅप्टर म्हणजे कुबडी. मी असताना?

४, मंगळवार
मागे मुलीकडून येताना आणलेला तिकडचा सॉकेट बटणासकट भिंतीत बसवला. बुडबुड्याची लेव्हल लावून, अगदी सरळ. १०० ते २४० व्होल्ट, पंपावरचं लेबल दोनदा वाचलं. तिकडचं बटण वर केलं की चालू, आपलं खाली. ही म्हणाली, "अहो, खडूने लिहून ठेवा." वायरिंग स्वतःच्या डोक्याने शिकलो, तीस वर्षं झाली. लिहायचं कोणासाठी? संध्याकाळी दर मंगळवारची सिस्टर येऊन चादर घालून गेली.

५, सकाळी ७
बघतो तर बटण वर. सिस्टर बंदच ठेवून गेली. लोकांचं लक्ष नसतं. खाली केलं. पंपाचा दिवा हिच्या डोळ्यांवर येतो म्हणून आधीच काळी टेप लावली होती. पंपाखाली जुन्या चपलेचं रबर सारलं. आवाज साफ गेला. कंपनीला हे सुचलं नाही.

७
ही म्हणते, फळीवर निजल्यासारखं वाटतं. नवीन वस्तूची सवय व्हावी लागते. मुलीला सांगितलं, पंप आहे हे कळतसुद्धा नाही. ती म्हणाली, "दुकानात तर घुरघुरत होता, बाबा." दुकानात रबर नव्हतं.

९
दर दोन तासांनी हिला कुशीवर वळवत होतो, ते बंद केलं. गादी आहे ना. ही आज फारसं बोलली नाही. आराम पडला असावा.

११, मंगळवार
सिस्टरने गादी दाबली. हात थेट फळीला टेकला. हिला वळवलं आणि मला म्हणाली, "काका, जरा बाहेर थांबा." दाराआडून ऐकू आलं.
"काकू, सांगितलं का नाही त्यांना?"
"सांगितलं. त्यांना सगळं येतं."

१४
ही दवाखान्यात. जखम हाडापर्यंत. मुलगी विमानाने आली. पंपात दोष असणार, म्हटलं. तिने टेप सोलली, बटण वर केलं. दिवा लागला. आई आता माझ्याकडे राहील, एवढंच बोलली.

१७
घरी एकटाच. भिंतीवर खडूने लिहिलं: वर म्हणजे चालू. ओळ सरळ यावी म्हणून लेव्हल धरली. बटण वर केलं. वीस मिनिटांत गादी फुगली. एक कप्पा वर, एक खाली.
रबर आहे तिथेच आहे. तरी आवाज बराच येतो.