गोळी कोण देतं?

प्रिय ठमाबाई,

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. गुंडी बरी आहे. खाते, फिरते, दारावरची बेल वाजली की अजूनही भुंकून घर डोक्यावर घेते. ती गेली हे कळवायला हे पत्र लिहिलेलं नाही. फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर तू आधी बाबांना विचारतेस, मग मला विचारतेस, आणि आम्ही आळीपाळीने 'मजेत आहोत' म्हणतो. स्पीकर चालू असतो. त्यात काय सांगणार, कपाळ? आत्ता दुकानात जेवणाची सुट्टी आहे. मालक घरी गेलेत आणि मी मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनशेजारी बसून लिहितेय. कागदाला पांढरी भुकटी लागली तर झटकून टाक.

तू नोकरीला बाहेर गेल्यावर घरात काय झालं ते तुला माहीत असायचं कारण नाही. तू होतीस तोवर आमचं सगळं दळणवळण तुझ्यामार्फत चालायचं. 'बाबांना सांग, ताट वाढलंय.' 'आईला विचार, माझा पाना कुठे ठेवला.' तू शाळेतल्या पोरांना शिकवायला निघून गेलीस आणि ते काम गुंडीच्या गळ्यात पडलं. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, 'गुंडे, विचार त्यांना, चहा घेणार का?' आणि पुढच्या खोलीतून, दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी उघड्या फ्रीजमागून उत्तर यायचं, 'गुंडे, सांग, अर्धा कप.' ती बिचारी मधल्या दारात बसून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायची. शेजारच्या शिवणवाल्या बाईंना तर आमचं कोण कौतुक! कुत्रीशी किती गोड बोलतात म्हणे दोघं. हे भांडण नव्हतं, एवढं लक्षात घे. भांडायलाही एकमेकांत काहीतरी अडकलेलं असावं लागतं. आमचं बोलणं नुसतं संपलं होतं, डब्यातली साखर संपते तसं, आणि आणायला कुणीच उठलं नाही.

मग ती पहिली फिट आली. तुला आम्ही तेव्हा 'थोडं बरं नाही तिला' एवढंच कळवलं होतं. दुपारची वेळ होती, गुंडी खिडकीखालच्या उन्हात पसरली होती. ती उठली, भिंतीकडे काहीतरी असल्यासारखं बघितलं, ओठ चाटत राहिली आणि धाडकन आडवी झाली. चारी पाय ताठ, मान मागे, जबडा कडाकडा वाजतोय, तोंडाला फेस. मग पाय असे झडायला लागले की आडवी पडूनच धावतेय असं वाटावं. लादीवर लघवी पसरली. तुझे बाबा धावत चमचा घेऊन आले, तिच्या दातांत घालायला. मी किंचाळले, 'अहो, तोंडात हात घालू नका तिच्या!' नंतर लक्षात आलं, कित्येक महिन्यांत मी त्यांना सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य. त्या घडीला निरोप गुंडीमार्फत धाडायची सोय नव्हती ना! फिट ओसरल्यावर ती उभी राहिली, पण आपली गुंडी नव्हतीच ती. बाबांवर गुरगुरली, खुर्चीला धडकली, कपाटाच्या कोपऱ्यात डोकं खुपसून उभी राहिली. आणि काही वेळाने जेवायला अशी मागायला लागली की जन्मात अन्न बघितलं नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हा आजार मुळातून जाणार नाही, पण आटोक्यात राहील. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक गोळी, जन्मभर. चुकवायची नाही आणि आपल्या मनाने अचानक बंद तर मुळीच करायची नाही. फिट आली तर धरून ठेवू नका, आजूबाजूचं सामान हलवा, अंधार करा, शांत राहा आणि वेळ बघा. लवकर थांबली नाही तर उचलून इकडे आणा. आम्ही सगळं बिनचूक शिकलो. मी डोक्याखाली उशी सरकवायची, ते पडदे ओढायचे आणि टीव्ही, पंखा, जे काही आवाज करत असेल ते बंद करायचे. मग ते घड्याळाकडे बघत उभे राहणार आणि मी 'आहे गं, इथेच आहे मी' म्हणत राहणार. गोळ्यांचं नीट बसेपर्यंत अशा बऱ्याच फिटी आम्ही काढल्या. आणि दर वेळी ती शांत झाली की आम्ही दोघं तिथेच, लादी पुसायच्याही आधी, भिंतीला टेकून बसायचो आणि बोलायचो. या वेळी लांबली का, जेवायला उशीर झाला म्हणून आली का, आणि मग त्यातून कुठलं कुठलं. एकदा ते मला त्यांच्या एका गिऱ्हाईक बाईंची गोष्ट सांगत होते. बाई फ्रीजमध्ये चपला ठेवायच्या, उन्हाळ्यात पायांना गार लागतात म्हणून, आणि वर तक्रार की फ्रीजला वास येतो. मी हसून हसून लोळले. तू म्हणशील, कुत्री अर्धमेली पडलीय आणि ही दोघं हसतायत. हो, हसत होतो.

गोळ्या लागू पडल्या. दोन फिटींमधलं अंतर वाढलं, मग त्या जवळजवळ थांबल्याच. त्याबरोबर आमचं ते जमिनीवर बसणंही थांबलं. निमित्तच उरलं नाही. खोटं कशाला बोलू, गुंडी नुसते ओठ चाटायला लागली तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी बरंही वाटायचं. मग माझी मलाच लाज वाटायची. हे मी कुणाला बोलले नव्हते.

याच सुमारास मालकांनी दुकान लवकर उघडायचं काढलं. लोक ऑफिसला जाता जाता चष्मा टाकून जातात, तेवढीच गिऱ्हाइकी. तुझे बाबा उठायच्या आत मी घराबाहेर पडायला लागले. आणि मग गुंडीचं हळूहळू बिघडत गेलं. मागचे पाय लटपटायचे, जिन्यावर घसरायची. भांडंभर पाणी एका दमात प्यायची आणि घरातच करायची. सारखी झोपलेली. बेल वाजली तरी कान हलेना, तेव्हा मी मनात म्हटलं, संपलं. आजार पसरलाय. तुझ्या बाबांनीही त्यांच्या मनात तेच धरलं होतं. मला वाटलं, यांना सांगून काय होणार आहे. त्यांना वाटलं, हिला दिसतंच आहे की. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या 'घेऊन या' म्हणाल्या. घेऊन जायचं म्हणजे त्यांच्या तोंडून ऐकायचं, म्हणून मी आज-उद्या करत राहिले.

मग एका सकाळी ती उठलीच नाही. मी दुकानात निघाले होते. बघते तर तुझे बाबा उठून बसलेले, तुझं ते जुनं निळं पांघरूण त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला, गॅसच्या नळकांड्या बाजूला सारून अंथरलेलं. मला म्हणाले, 'चल.' कशाला ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी मालकांना फोन करून येत नाही म्हटलं आणि मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाटेत एकदा तिने माझा हात चाटला. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

दवाखान्यात टेबलावर ठेवल्यावर तुझे बाबा म्हणाले, 'आता तिचे हाल बघवत नाहीत हो. सोडवा तिला.' डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, हिरड्या बघितल्या, पाय ओढून बघितले. मग नेहमीचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, 'सकाळची गोळी कोण देतं?' आम्ही दोघंही म्हणालो, 'मी.' एकदमच. बाईंनी वर बघितलं. 'आणि संध्याकाळची?' पुन्हा तेच.

काय झालं होतं, तुझ्या लक्षात आलंच असेल. मी सकाळी निघताना लोण्यात घालून गोळी द्यायचे. ते उठले की पावात घालून द्यायचे, कारण ही घाईघाईत जाते, विसरत असणार. संध्याकाळी कामावर जाताना ते एक द्यायचे, आणि मी आल्यावर एक द्यायचे, कारण यांच्या कुठलं लक्षात राहतंय! माझी पाकिटं स्वयंपाकघरातल्या खणात, त्यांची त्यांच्या हत्यारांच्या पेटीत. दोघंही मनातून खूश होतो की समोरच्याचं लक्ष नसलं तरी माझ्यामुळे कुत्री जगतेय. बाईंनी रक्त काढून तपासायला पाठवलं. इंजेक्शनचं नाव नाही काढलं. म्हणाल्या, ही बहुतेक औषधाची गुंगी आहे, उतरेल. मग हातमोजे काढता काढता हसून विचारलं, 'तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?' थट्टेत म्हणाल्या त्या. आम्हाला दोघांनाही हसायला आलं नाही.

परत येताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तुझे बाबा समोर बघतच म्हणाले, 'आपण मारली असती हिला.' मी म्हटलं, 'हो.' रक्ताचा निकालही तसाच आला. औषध एकदम कमी करून चालत नव्हतं, म्हणून बाई सांगतील तसं हळूहळू उतरवत आणलं. त्यात एक-दोन फिटी आल्याच, पण तिच्या पायांनी परत जोर धरला, नजर परत आली. बाईंनी बजावलं होतं की यापुढे गोळी एकाच माणसाने द्यायची. तुझे बाबा घरी जास्त असतात, म्हणून ते काम त्यांच्याकडे गेलं. पण मला चैन पडेना. दुकानातून आले की चपला काढायच्या आत विचारायचे, 'दिली का?' ते म्हणायचे, 'दिली.' त्या दोन शब्दांनी सुरुवात झाली आणि मग आमची तोंडं उघडलीच म्हण ना. पाणी तुंबलेल्या मोरीत काडी घालावी तसं झालं. भांडलो नाही. उलट इतकं शहाण्यासारखं आम्ही लग्न झाल्यापासून बोललो नव्हतो.

एका संध्याकाळी ते पावात गोळी दडवत होते. पाठमोरेच म्हणाले, 'तुला इथून जायचंय का गं?' अगं, असं मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. मी 'हो' म्हटलं, आणि म्हणून गेल्यावर कळलं की ते खरं आहे. त्यांनी गुंडीला गोळी भरवली, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसले. 'मला वाटलंच,' म्हणाले. मी विचारलं, तुमचं काय? तर म्हणतात कसे, 'एकटा असलो तर गोळी तरी एकदाच जाईल.' आणि आम्ही दोघं हसत सुटलो. नंतर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. माझ्याच दुकानातला चष्मा आहे तो, काच स्वच्छ होती.

तर दुकानाच्या वरच्या दोन खोल्या मालकांनी मला दिल्या आहेत. त्यांच्या आई राहायच्या तिथे. पुढच्या महिन्यात मी तिकडे राहायला जाईन. गुंडी बाबांकडे राहील. वरचा जिना फार उभा आहे, तिला झेपणार नाही. मला तिच्याशिवाय फार जड जाणार आहे, पण ते माझं मी बघेन. रडू नकोस, आणि आम्हाला एकत्र आणायचे उद्योग तर अजिबात करू नकोस. तुला ती खोड आहे.

आता हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते. फिटी अधूनमधून येत राहणार. तुझे बाबा एकटे त्या निभावतील, हात पक्के आहेत त्यांचे. पण ती शांत झाल्यावर जे होतं, ते एकट्याने निभत नाही गं. तिथेच जमिनीवर बसून कुणाशी तरी बोलावं लागतं, काहीही. मी त्यांना सांगितलंय की तेव्हा लेकीला फोन करायचा, मला नाही. ते 'बरं' म्हणाले, का ते विचारलं नाही. तुला सांगते. त्या वेळचा त्यांचा आवाज मी ऐकला तर हातातलं काम टाकून जिना उतरेन, घरी जाऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसेन आणि तिथलीच होईन. मग गुंडी बरी होईल आणि आम्ही परत मुके होऊ. मला ते नकोय. म्हणून अवेळी बाबांचा फोन आला तर वर्ग चालू असला तरी बाहेर ये आणि उचल. गुंडीबद्दल ते दोन वाक्यं बोलतील आणि मग कुठल्या तरी गिऱ्हाइकाचं सांगत बसतील, त्याला ना शेंडा ना बुडखा. ऐकत राहा. ते ठेवतील तेव्हाच ठेव.

तुझीच, आणि हे काम हक्काने तुझ्यावर टाकणारी,
आई