गगनवीराच्या काखेतली कळी

अंबड, बुधवार

ती. उषाआक्काच्या पायावर धाकट्या पुंजारामचं डोकं. (समोर असतो तर तू पाय मागं घेतले असते. कागदावर घेता येत न्हाईत.)

इकडं सगळे मजेत. तुझे गुडघे कसे आहेत, भागवतदाजींचा खोकला थांबला का, तुमची मोसंबी उतरवून झाली का, हे सगळं फोनवरच विचारलं असतं. पण खंडेनवमीपासून चार महिने झाले, तू माझा फोन उचलून न्हाई राह्यली. त्या दिवशी तू पूजेला आल्तीस, आणि तू लग्न होऊन जाताना मला देऊन गेलेलं शिलाईचं पायमशीन मागच्या खोलीत सरकीच्या पोत्यांखाली दिसलं. झेंडूचा हार होता माझ्या पोराच्या, कल्याणच्या नव्या मोटारच्या मशीनला. वाढलेलं ताट तसंच ठेवून तू घनसावंगीची जीप धरलीस. त्याबद्दल शेवटी लिहितो, आधी धीर येऊ दे.

पत्राचं दुसरं कारण असं की पिच्चरवाल्यांनी माझी कागदावर सही घेतली आहे. इथं चाललेलं काम तोंडी, फोनवर किंवा मोबाईलवर फोटो टाकून कुणाला सांगायचं न्हाई. कागद मी दोनदा वाचला. पोस्टाच्या पाकिटाचं त्यात नाव न्हाई.

तर आपल्या अंबडच्या माळावर 'गगनवीर' नावाच्या भल्या मोठ्या पिच्चरची शूटिंग चालू आहे. गोष्ट अशी, की एक दुष्ट शास्त्रज्ञ या भागातले ढग चोरतो आणि पोलादाच्या गोळ्यात कोंडून ठेवतो. (आपल्याकडं चोरण्याइतके ढग आहेत ही मलाही नवीन बातमी होती, पण पिच्चर म्हटल्यावर एवढं धरून चालावं लागतं.) मंग शाळेतला एक साधा मास्तर कोरड्या विहिरीत पडतो, तिथं त्याला चमकता दगड सापडतो, शक्ती येते, आणि तो उडत जाऊन ढग सोडवतो. पहिला पाऊस त्याच्या म्हाताऱ्या आईच्या पत्र्यावर पडतो. हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी रडलो. खोटं कशाला बोलू.

माझा शिरकाव झाला तो पडद्यामुळं. एवढ्या लांबून हे लोक अंबडला आले आणि आल्या आल्या अख्ख्या अंबडच्या आड हिरवं कापड बांधलं. म्हणे पुढं मुंबईत त्या हिरव्याच्या जागी आभाळ, डोंगर, काय पाहिजे ते घालता येतं. घालोत बापडे. पण आक्का, दोन मजली उंच कापड आणि काठ दुमडलेला न्हाई! माळावरच्या वाऱ्यानं दुसऱ्या दिवशी ते चराचरा फाडलं, तेव्हा शिंप्याची शोधाशोध झाली. मी काठाला तिहेरी दुमड घालून दिली, तसे त्यांनी मला ठेवूनच घेतलं.

तिथलं काम बघून मी थक्क झालो. आपल्याला वाटायचं पिच्चरवाले मजा मारतात. बिलकुल न्हाई. तीनशे माणसं उजाडायच्या आत हजर. हिरोला तारेनं वर टांगतात, त्या तारेची एकेक गाठ तीन माणसं आळीपाळीनं तपासतात, आणि पहिला तपासून गेला म्हणून तिसरा ढिलाई करत न्हाई. हिरो स्वतः पाच तास उन्हात लटकतो, पडद्यावर ते चार सेकंद दिसणार. उतरला की मांड्यांवर पट्ट्यांचे वळ, तरी पहिलं तारवाल्याला नमस्कार करतो. असं काम करणारी माणसं बघितली की आपल्याला आपल्या धंद्याची लाज न वाटता उलट चेव येतो.

आता दुर्गाचा प्रताप ऐक. हा हिरो उकडलेली भाजी खायचा. तुझ्या भावजयीला ते बघवलं न्हाई. तिनं पहिल्या दिवशी दह्यासंगं एक धपाटं दिलं, दुसऱ्या दिवशी तीन, आणि विसाव्या दिवशी उड्डाणाच्या वेळेला त्या गगनवीराचे हात खांद्याच्या वर जाईनात. निळा पोशाख अंगाला असा बसला की माणूस फक्त नमस्कार करू शकत होता. हात वर केल्याशिवाय उडता येत न्हाई, आणि उडाल्याशिवाय ढग सुटत न्हाईत. पोशाखाच्या मुख्य प्रीतीमॅडम डोक्याला हात लावून बसल्या. पोशाख परदेशातून आलेला, नवा यायला महिना. मी आतली शिलाई उलगडून बघितली, तर वाढवायला दोन बोटं सुद्धा कापड सोडलेलं न्हाई. ज्यानं शिवला त्यानं माणूस जेवतो हे धरलंच नव्हतं.

तेव्हा मला तू दिसलीस. मोसंबी तोडणाऱ्या बायामाणसांच्या अंगातले कपडे तू शिवायचीस, काखेत जादा कापडाचा चौकोनी तुकडा, म्हणजे कळी, घालून, म्हणजे दिवसभर हात वर राहिला तरी कापड ओढत न्हाई. मी मॅडमला म्हणालो, काखेत कळी घालतो. पोशाखाच्या पाठीवरची लाल शाल जमिनीवर लोळत होती, हिरो तिच्यात दोनदा अडखळला होता. तिचंच वीतभर कापड कापलं.

कल्याणच्या मोटारच्या मशीननं त्या रबरी कापडात चार सुया मोडल्या. मंग बापलेकांनी सरकीची पोती हटवली. तुझं मशीन पुसलं, तेल दिलं, आणि तू शिकवल्यासारखं चाक हातानं फिरवून एकेक टाका घातला. तीन तास लागले. सुई मोडली न्हाई.

दुसऱ्या दिवशी गगनवीर उडाला. दोन्ही हात वर, निळ्या काखेत लाल कळ्या, पाखरानं पंख उघडावेत तशा. डायरेक्टर खुर्चीतून उठले. आता म्हणे पोशाख असाच राहणार. प्रीतीमॅडमनं विचारलं, ही कल्पना कोणाची? मी म्हणालो, बहिणीची. शेवटी जी नावं येतात त्यात तुझं नाव लागणार आहे.

तुझा,
पुंजाराम

ता. क. नावासाठी मॅडम तुला फोन करतील. अनोळखी नंबर असेल. माझा उचलू नकोस, त्यांचा उचल.

ता. क. दाजींना हे पत्र दाखवू नकोस. त्यांनी कुठली सही केलेली न्हाई.

ता. क. खंडेनवमीला चुकलो, आक्का. मोटार आली म्हणून तुझ्या हाताला मी पोत्याखाली घातलं. माफ कर. मशीन आता दुकानात पुढं आहे. मंगळवारी, सण न्हाई वार न्हाई, दुर्गानं त्याला हार घातला.

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. डाव्या काखेतली कळी उलटी बसली आहे, चमकती बाजू आत गेली. घाईत झालं. तीनशे माणसांत कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, पण पडद्यावर ती खाटेएवढी दिसणार, आणि खाली नाव तुझं. उरलेली उड्डाणं सोमवारपासून आहेत. रविवारी ये आणि उसवून सरळ करून दे. मी हात लावणार न्हाई. जेवल्याशिवाय जाऊ देणार न्हाई.